मीरासाहेबांचा चुकीचा हुकूम

शिरूर, १८ जानेवारी १९६५

कु. हमीदा मीरासाहेब शेख यांस,

तुझ्या पुस्तिकेच्या चौदाव्या पानावर चूक आहे. वरून तिसऱ्या सूत्रात पाच कंस उघडले आहेत आणि चारच बंद केले आहेत. कंस जुळले नाहीत तर यंत्र काम नाकारते, असे चौथ्या पानावर तूच बजावले आहेस. मग छापण्याआधी कोणी वाचले नाही काय?

पत्र कोणाचे हे अक्षरावरून तुला कळले असेल. तेरा वर्षांत ते बदललेले नाही.

पुस्तिका माझ्याकडे कशी आली ते सांगते. परवा तुझे वडील दौंडहून एस.टी.ने आले. रोजा होता, त्यामुळे पाणीसुद्धा घेतले नाही. बाकावर बसले, पिशवीतून तुझे पत्र आणि ही सायक्लोस्टाइल केलेली इंग्रजी पुस्तिका काढली आणि माझ्यापुढे ठेवली.

"बाई," म्हणाले, "पोरगी कानपूरला काय करती ते मला सांगा. मास्तरीन म्हनावं तर शाळा न्हाई. हापिसात म्हनावं तर सायेब न्हाई. लोक इचारत्यात. मी म्हनतो, मशीनवर हाय. तर म्हनत्यात, शिवणाच्या का?"

त्यांच्या सांगण्यावरून तुझे पत्र मी वाचले. कामाबद्दल त्यात दीड ओळ आहे: मी कंपायलर लिहिते, बाबा, सांगायला गेले तर लांबेल. पुढची दोन पाने अमेरिकेची. तिथल्या विद्यापीठाने हेच काम शिकायला तुला दोन वर्षे बोलावले आहे, दहा मार्चपर्यंत होकार कळवायचा आहे, आणि बाबा जा म्हणाले तरच तू जाणार आहेस.

"काम चांगलं आसंल तर जाऊ दे म्हनतो," मीरासाहेब म्हणाले. "पन काय हाय तेच न कळता पोरीला समिंदरापार कशी धाडू? तुम्ही वाचा. तुम्ही सांगाल तसं."

म्हणून मी वाचते आहे. १९२८ साली गणित घेऊन पुण्यात बी.ए. झाले, त्यानंतर नवे गणित शिकायची वेळ आली नव्हती. शाळेतून निवृत्त होऊन दोन वर्षे झाली, सकाळ मोकळी असते. दोन आठवड्यांत मला हे समजलेच पाहिजे. न समजलेली गोष्ट मी कोणाला समजावत नाही.

तुझ्या मॅट्रिकच्या वेळी जे झाले त्याबद्दल या पत्रात लिहिणार नाही. तू पायऱ्या न मांडता नुसती उत्तरे लिहीत होतीस, म्हणून मी तुझा फॉर्म अडवला. नियम तसा होता. सुटीत तू दौंडला येतेस आणि शिरूरची एस.टी. धरत नाहीस, हे मला ठाऊक आहे.

चौदावे पान दुरुस्त कर.

कृपाबाई हिवाळे


शिरूर, २५ जानेवारी १९६५

हमीदा,

समजले!

तुझे उत्तर आलेले नाही, अपेक्षाही नव्हती. पण हे कोणाला तरी लिहिल्यावाचून मला राहवत नाही, आणि शिरूरमध्ये हे ऐकून घेणारे दुसरे कोणी नाही. शेजारच्या साखरबाईंना सांगून पाहिले. मेथी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "बाई, रिटायर झाल्या आन् पुन्ना पयलीत जाऊन बसल्या व्हय?" बरोबर आहे. पहिलीत बसले आहे आणि पहिला नंबर काढणार आहे.

माझी समजूत तपासून पाहा. तुझ्या यंत्राला आकड्यांखेरीज काही कळत नाही. त्याचा एकेक हुकूम बारा आकड्यांचा. पहिले दोन आकडे सांगतात काय करायचे: एकवीस म्हणजे मिळव, बावीस म्हणजे वजा कर, तेवीस म्हणजे गुण. उरलेले दहा आकडे सांगतात कोणत्या दोन खणांतल्या संख्या घ्यायच्या. संपले. असे हजार हुकूम हाताने लिहायचे तर माणूस वेडा होईल. म्हणून माणसाने बीजगणितात लिहितो तशी एक ओळ लिहायची, कार्डावर भोके पाडून ती यंत्रात घालायची, आणि तुझा कंपायलर ती एकेक अक्षर करून वाचत जाणार. नवे नाव दिसले की यादीत चढवून त्याला एक खण द्यायचा. कंस दिसला की आतले आधी. गुणाकार बेरजेच्या आधी. अशी त्या ओळीची फोड करत करत तो यंत्राला कळणारे हुकूम क्रमाने काढणार, तेही कोऱ्या कार्डांवर भोके पाडून. एका बाजूने माणसाची कार्डे आत, दुसऱ्या बाजूने यंत्राची कार्डे बाहेर! ती बाहेर आलेली कार्डे पुन्हा आत घातली की मग खरे गणित सुरू.

भाषांतरे मीही केली आहेत. मिशनची कितीतरी इंग्रजी पुस्तके मराठीत आणली. वाक्याचा अर्थ कळल्याशिवाय मी टाक उचलत नसे. तुझा कंपायलर अर्थाच्या वाटेलाच जात नाही! सूत्र व्याजाचे आहे की विहिरीच्या खोलीचे, त्याला पत्ता नसतो. नुसता क्रम आणि नियम, आणि तरी भाषांतर बिनचूक. हे पान मी तीनदा वाचले तेव्हा विश्वास बसला.

आणि काल स्वयंपाक करताना एकदम डोक्यात आले. कंपायलर स्वतः त्याच यंत्रात चालतो. म्हणजे त्यालाही आकडी हुकुमांतच असावे लागणार. मग त्याचे भाषांतर कोणी केले? भात लागला. कोणीतरी पहिल्यांदा बसून हाताने, आकड्यांत, एकेक हुकूम लिहिला असला पाहिजे. तो तू लिहिलास का? किती हुकूम झाले? इतकी मोठी गोष्ट पुस्तिकेत का नाही?

आता तक्रार. सोळाव्या पानावर तू नमुना दिला आहेस: ब गुणिले ब, वजा चार गुणिले अ गुणिले क. कंपायलरने याचे नऊ हुकूम केले आहेत. प्रत्येक गुणाकार झाला की तो उत्तर उचलून दुसऱ्या खणात ठेवतो. ही उचलठेव कशाला? मी दुसरा, सहावा आणि सातवा असे तीन हुकूम खोडले. सहात काम होते. सोबत लिहून पाठवले आहे. तुझा कंपायलर पाल्हाळ लावतो.

एक मात्र आहे. ज्या मुलीने मला कधी पायऱ्या मांडून दाखवल्या नाहीत, ती आता सगळ्यांच्या पायऱ्या मांडून देणारी वस्तू तयार करते आहे. याचे तुला हसू येईल की नाही, माहीत नाही. मला आले.

शनिवारी दौंडला जाऊन मीरासाहेबांना सांगणार आहे. कसे सांगायचे ते अजून ठरलेले नाही.

कृपाबाई हिवाळे


दौंड स्टेशन, ३० जानेवारी १९६५

हमीदा,

तुझ्या वडिलांना मी कंपायलर सांगायला गेले, आणि त्यांनी तो मला सांगितला.

बाकावर बसून लिहिते आहे. अक्षर वाकडे आले तर गाड्यांना दोष दे. इथे टाकलेले पत्र आजच्याच गाडीने निघते.

तुझ्या आईने, रोशनबींनी, स्वतःचा रोजा असून माझ्यासाठी चहा टाकला आणि मी कप खाली ठेवीपर्यंत समोरून हलल्या नाहीत. मी पाटी घेऊन गेले होते. म्हटले, मीरासाहेब, माणसाने एक ओळ सांगायची आणि कंपायलर तिचे नऊ-दहा हुकूम करून यंत्राला देतो.

"म्हंजी केबिन," ते म्हणाले.

"कसली केबिन?"

"आमची, रेल्वेची. सव्वीस वर्सं दुसरं काय केलं म्या? टेशनमास्तर फोनवर म्हननार, मनमाडची गाडी तीन नंबरवर घ्या. झाली एक ओळ. मी काय करनार? आधी रुळाचा सांधा फिरवायचा, त्यो एक लिव्हर. सांध्याला कुलूप, त्यो दुसरा. मंग आतला सिग्नल, मंग भायेरचा. सात लिव्हर, एकामागं एक. मास्तरला लिव्हर ठावं न्हाईत आन् गाडीला मास्तर ठावा न्हाई. मधी मी."

"मधी तुम्ही," रोशनबी म्हणाल्या, "आन् घरी जेवन गार."

"मग तुमची मुलगी काय करते, सांगा बरे," मी म्हटले.

ते मांडीवर थाप मारून इतक्या मोठ्याने हसले की शेजारचे दारात आले. "केबिनमन घडवती! ऐकलं का गं, तुझी पोर केबिनमन घडवती! मशिनीच्या आत बसनारा, न झोपनारा!"

नंतर त्यांनी तो प्रश्न विचारला जो मी पुस्तिका चार वेळा वाचून विचारला नव्हता. हुकूमच चुकीचा आला तर? मी शेवटचे पान दाखवले. तेवीस चुकांची यादी. यांपैकी एकही सापडली की कंपायलर त्या चुकीचा यादीतला क्रमांक छापतो आणि पुढचे काम होऊ देत नाही.

"म्हंजी कुलूप हाय," ते म्हणाले. केबिनच्या फरशीखाली लोखंडी पट्ट्यांची जुळणी असते म्हणे. दोन गाड्या एकमेकींवर येतील अशा क्रमाने लिव्हर ओढायला गेले तर तो हलतच नाही, दोघे लोंबकळले तरी. "पन बाई, मनमाडची गाडी सोलापूरच्या लायनीवर घालायला सांगितली आन् लाइन मोकळी आसंल, तर लिव्हर खुशाल फिरतो. कुलूप टक्कर चुकवतं. मास्तरची चूक न्हाई चुकवत."

हमीदा, हे वाक्य पुस्तिकेत घाल. तुझी सबंध तीन पाने त्यात आली आहेत.

मला इतका चेव चढला की मी माझे सहा हुकूम पाटीवर मांडले. या यंत्रात कोणताही गुणाकार केला तरी उत्तर नेहमी एकाच ठरलेल्या खणात येऊन पडते, हेही सांगितले. मीरासाहेबांनी पाटी हातात घेतली.

"पयला गुणाकार कुठं पडला?"

"त्या खणात."

"आन् दुसरा?"

"त्याच खणात."

"म्हंजी तीन नंबरवर गाडी उभी हाय, आन् तुम्ही दुसरी तिथंच घेतली. बाई, टक्कर झाली!"

मी पाहिले. खरोखर टक्कर झाली होती. पहिला गुणाकार उचलून बाजूला ठेवायचा जो दुसरा हुकूम मी पाल्हाळ म्हणून खोडला, तोच गाडी आधी हलवण्याचा होता. माझ्या मनात पाटी होती. पाटीवर दोन्ही गुणाकार एकाखाली एक दिसतात. यंत्रात पहिला पुसला जातो.

"कसे कळले तुम्हाला?" मी विचारले. "मांडून दाखवा."

"मांडायचं काय त्यात? दिसलं."

चौथी शिकलेला माणूस, हमीदा. एकदा पाटीकडे पाहिले आणि दिसलं म्हणाला.

मी पाटी परत घेऊन पुसली, त्यांना वाटले मी रागावले. मग हळूच म्हणाले, "काम चांगलं हाय, पटलं मला. पन एक इचारू? पोरगी परमुलखात एकटी. सरळ वागंल ना? तुम्हीच तवा सांगितलं व्हतं, नक्कल केली म्हनून. तवापासनं तिच्या कुठल्या बी कामाला मी शाबास म्हनलो न्हाई."

माझ्या एस.टी.ची वेळ झाली, असे सांगून मी उठले. वेळ झाली नव्हती. म्हणूनच तर हे इतके लांब पत्र लिहून झाले.

पायऱ्या नव्हत्या म्हणून तुझा फॉर्म अडवला, असे मी पहिल्या पत्रात लिहिले. ते अर्धे खरे आहे. उरलेले आज लिहवत नाही.

कृपाबाई


शिरूर, ८ फेब्रुवारी १९६५

हमीदा,

तुझा कागद आला! पत्र नाही, नमस्कार नाही, सलाम नाही; यंत्राने छापलेला एक लांब कागद आणि खाली पेन्सिलीने चार ओळी. "दुसरा हुकूम हवाच. सहावा आणि सातवा नको, हे बरोबर. कंपायलर बदलला, आता सातच हुकूम काढतो. पहिला कंपायलर हाताने लिहिला, दोन हजार एकशे चाळीस हुकूम. चौदावे पान दुरुस्त केले."

कंपायलर बदलला! शिरूरच्या एका म्हातारीने खोडलेले दोन हुकूम कानपूरच्या यंत्राने कायमचे सोडून दिले. मी कागद साखरबाईंना दाखवला, पोस्टमनला दाखवला, आणि रविवारी चर्चमध्ये पाळकांनाही दाखवला. पाळक म्हणाले, छान आहे, हे काय आहे? दोन हजार एकशे चाळीस हुकूम तू हाताने लिहिलेस. एका जागी बसून हा आकडा मी कितीदा वाचला, सांगत नाही.

आता उरलेले अर्धे. तुला ते ठाऊकच आहे, पण माझ्या हातून लिहिले गेले पाहिजे.

१९५२ ची पूर्वपरीक्षा. दहा गणिते, दहाही उत्तरे बरोबर, पायरी एकही नाही. पेपर मी काढला होता आणि उत्तरे माझ्या टेबलाच्या खणात होती. आदल्या दिवशी वर्ग झाडायची पाळी तुझी होती. मी ठरवून टाकले की तू खण उघडलास. तुला विचारले, उत्तरे कशी आली? तू म्हणालीस, "दिसली, बाई." त्याला मी उद्धटपणा म्हटले. दौंडहून तुझ्या वडिलांना बोलावून सांगितले, मुलीने नक्कल केली. शाळेच्या रजिस्टरात तसे लिहिले आणि फॉर्म पाठवला नाही. तुझ्या आईने तुला नगरला मामांकडे नेले आणि पुढच्या वर्षी तू तिथून पास झालीस. नगर केंद्रात पहिली आलीस, हे मी वर्तमानपत्रात वाचले. तेव्हाही माझ्याकडून रजिस्टर उघडले गेले नाही.

एक नवे गणित फळ्यावर घाल, एवढे मी त्या दिवशी म्हटले असते तर पाच मिनिटांत निकाल लागला असता. मी म्हटले नाही. तुझ्या वडिलांच्या तोंडून तोच शब्द ऐकला तेव्हा मला कळले की तो उद्धटपणा नव्हता. तुमच्या घरात माणसांना दिसते.

आता अडचण अशी आहे. मीरासाहेबांचा होकार माझ्या शब्दावर आहे. हाच शब्द एकदा खोटा ठरला होता असे सांगितले, तर दुसऱ्यांदा ते तो का मानतील? न सांगता नुसते "सरळ वागेल" म्हटले तर काम भागते. तू जाशील, दहा मार्च साधेल, आणि मी आहे तशीच बाई राहीन. दोन दिवस मी हा विचार केला, हे तुझ्यापासून लपवत नाही.

शनिवारी जाऊन सांगणार आहे.

कृपाबाई


शिरूर, १५ फेब्रुवारी १९६५

हमीदा,

सांगितले. उभ्यानेच सांगितले, बसले असते तर आणखी चहा घेऊन परत आले असते.

आधी रोशनबी बोलल्या. "मी तवाच म्हनत व्हते. माझी पोर दुसऱ्याच्या खणाला हात लावायची न्हाई." मग त्या आत गेल्या. या वेळी चहा विचारला नाही.

मीरासाहेब म्हणाले, "तेरा वर्सं, बाई." आणि मग, "एम.एस्सी. झाली तवा मी पेढं वाटलं न्हाईत. मनात म्हनलं, कुनास ठाव कशी झाली."

मी उभीच होते.

"आन् आता ह्ये जे कंपायलरचं सांगितलंत," ते म्हणाले, "त्ये तरी खरं कशावरनं?"

ज्याची मला भीती होती तोच प्रश्न. उत्तर मात्र एस.टी.त ठरवलेले एकही दिले नाही. म्हटले, "माझ्या शब्दावर जाऊ नका. तुम्हाला रेल्वेचा पास आहे. कानपूरला जा, यंत्राजवळ उभे राहा आणि तिचे काम स्वतः पाहा. तुम्हाला दिसेल."

"जावा, बाई," म्हणाले.

मी आले. आज सकाळी शाळेत जाऊन नव्या मुख्याध्यापिकांकडून १९५२ चे रजिस्टर मागून घेतले. त्या नोंदीखाली लिहिले: ही नोंद चुकीची आहे, चूक माझी आहे. सही केली, आजची तारीख घातली. नव्या बाईंनी विचारले, इतक्या वर्षांनी कशाला? मी म्हटले, वर्षे मोजू नका, शिक्का द्या.

दहा मार्चला तेवीस दिवस आहेत. तुझे वडील काय ठरवतील ते मला माहीत नाही, आणि त्यांना विचारायचा हक्क मला उरलेला नाही. तुझे जाणे माझ्यामुळे दुसऱ्यांदा अडले, तर ते मी तुला स्वतः कळवीन.

कृपाबाई


दौंड स्टेशन, २७ फेब्रुवारी १९६५

हमीदा,

हे पत्र टपालाने येणार नाही. तुझे वडील घेऊन येत आहेत!

बुधवारी त्यांचे कार्ड आले. "शनिवारी या. इंग्रजी अक्षरे काढणाऱ्या माणसाचे काम आहे." एवढेच. मी पहिल्या एस.टी.ने पोचले तर घरात बांधाबांध चालली होती. रोशनबी डब्यात कसल्या कसल्या वड्या भरत होत्या. माझ्याकडे न बघता त्यांनी चहा ठेवला. मी न बोलता घेतला.

मीरासाहेब पुस्तिका घेऊन बसले होते. ती त्यांनी माझ्याकडून मागच्या महिन्यातच मागून घेतली होती. इंग्रजी वाचता येत नाही, पण सगळ्या नमुन्यांखाली त्यांनी पेन्सिलीने गाड्या आणि लाइनी काढल्या आहेत. सूत्रातला कंस त्यांच्या हिशेबी यार्डातली आतली लाइन. आधी आतली मोकळी करायची, मग बाहेरची. हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

"बाई, मला एक हुकूम लिवून द्या," म्हणाले. "तिच्या भाषेत. चुकीचा."

"चुकीचा कशाला?"

"नवी केबिन झाली की पयल्या दिवशी आमचा इन्स्पेक्टर काय करायचा? बरोबरचा हुकूम कवाच द्यायचा न्हाई. वाकडाच द्यायचा. लिव्हर अडला तर केबिन पास. मी तिच्या मशिनीत वाकडा हुकूम घालनार. कुलूप अडलं तर म्हननार, जा. अमेरिकेला जा, न्हाई तर आनि कुठं जा. न्हाई अडलं तर म्हननार, अजून शिकायचं राह्यलंय, हितंच शिक."

"मीरासाहेब, एका चुकीवरून तिचे सगळे ठरवणार?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "बाई, तुम्ही बोलू नका."

आत रोशनबी हसल्या. मीही हसले. दुसरे काय करणार?

मग आम्ही दोघे दोन तास तो हुकूम करत बसलो. कंस सोडून देऊ, मी म्हटले. "त्यो तर कुनीबी धरील." मी दुसरी चूक सुचवली, ती यादीत पाचवी निघाली. "आसं न्हाई. दिसायला गुणी पायजे. मास्तर झोपेत बोलल्यावानी." पाच कागद फाडले. सहाव्यावर जे उतरले ते वाचून मीरासाहेबांनी मान हलवली, चौपदरी घडी घातली आणि आतल्या खिशात ठेवले. रेल्वेत सव्वीस वर्षे काढलेल्या माणसाची आणि चौतीस वर्षे पेपर काढलेल्या बाईची ती कामगिरी आहे. सोपी समजू नकोस.

गाडी पंधरा मिनिटांत आहे. मनमाडला आणि झाशीला बदलायची. फलाटावर त्यांना ओळखणारे निम्मे दौंड भेटले. "कुठं, मीरासाहेब?" "कानपूरला, पोरीची केबिन तपासाय." हे त्यांनी माझ्यादेखत सहा माणसांना सांगितले, आणि दर वेळी आवाज थोडा वाढला.

आणखी एक गोष्ट ते तुला सांगणार आहेत. कुलूप अडो किंवा न अडो, ती सांगणारच आहेत. ती मी लिहायची नाही असे त्यांनी बजावले आहे. ते त्यांचे आहे.

आता माझे. त्या हुकुमात काय चूक आहे, मला ठाऊक आहे. कागदावर अक्षर माझेच आहे. तुझ्या तेवीस चुकांच्या यादीत ती नाही. मी दोनदा पाहिले. म्हणजे तू ती धरली आहेस आणि लिहायची राहिली, नाही तर धरलेलीच नाही. मी तार केली तर ती गाडीच्या खूप आधी तुझ्या हातात पडेल आणि तू एका दिवसात कुलूप बसवशील. तारघर इथून दिसते आहे, खिडकी उघडी आहे.

मी तार करणार नाही. तुला सगळे कागदावर उतरवायची सवय नाही. कागदावर नाही म्हणजे ते तुला आलेच नाही, असे मी एकदा धरून चालले होते.

सिग्नल पडला. मीरासाहेब समोर उभे राहून हात पुढे करताहेत. "पाकीट चिकटवू नका, बाई," म्हणतात. "तुम्ही पेपर फोडला का न्हाई, त्ये मी वाटेत वाचून बघनार हाय."

चिकटवत नाही.

तुझी बाई,
कृपाबाई